खंड्या, कारवानी आणि कोरेगावातला बीगल

‘मुसलमानांच्या घरात कुत्रा चालत नाही’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास बोललं जातं. बोलणाऱ्यांत बिगरमुस्लीम शेजारी असतात, तसे आपलेही लोक असतात. फरक इतकाच की शेजारी ते कुतूहलाने विचारतो आणि आपला माणूस ते हुकमासारखं सांगतो. गेल्या काही वर्षांत सातारा-सांगलीच्या तालुक्याच्या गावांतही विलायती कुत्री दिसू लागली आहेत. लॅब्रॉडोर आणि पॉमेरियन जुने झाले, आता बीगलची हवा आहे. लांब लोंबते कान, डोळ्यांत कायमची विनवणी, अंगावर काळा, तपकिरी, पांढरा असे तीन रंग. मोबाइलवरच्या रीलमध्ये पाहून पोरं त्याच्या प्रेमात पडतात.

कोरेगावला माझ्या आपाच्या घरी यंदा असंच एक पिल्लू आलं. भाच्याने आणलं. (हे कोरेगाव साताऱ्याचं, भीमा-कोरेगाव नव्हे.) घरात लगेच दोन तट पडले. दादीचं म्हणणं, घरात कुत्रा असला की फरिश्ते येत नाहीत. भाच्याचं म्हणणं, अल्लाहने बनवलेलं जनावर वाईट कसं असेल? शेवटी प्रश्न माझ्याकडे आला, “मामू, इसको रखना की नको?” मी मुफ्ती नाही, पशुवैद्यही नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे. म्हणून उत्तर इतिहासातून शोधलं. ते घरापुरतं न ठेवता इथे मांडतो आहे, कारण हा वाद एका घराचा राहिलेला नाही.

माहुलीचा खंड्या

सुरुवात लांबून करायची गरज नाही. कोरेगावहून साताऱ्याला जाताना कृष्णेचा पूल लागतो. इथे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. एका काठावर क्षेत्र माहुली, दुसऱ्या काठावर संगम माहुली. रामशास्त्री प्रभुणे यांचं हे गाव. सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या इथेच आहेत. त्यांच्यात एका कुत्र्याचीही समाधी आहे. हा छत्रपती शाहू महाराजांचा कुत्रा. लोक त्याला खंड्या म्हणतात.

शाहू महाराज १६८९ मध्ये लहान वयात मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटले. १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ मध्ये निधन. शिकारीचा त्यांना मोठा शौक होता. एका शिकारीत वाघ अंगावर आला असताना या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, असं सांगितलं जातं. महाराजांनी उपकार फेडले ते राजाच्या थाटात. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला.

ही केवळ गावगप्पा नाही. ग्रँट डफ हा कंपनीचा अधिकारी १८१८ नंतर साताऱ्यात होता. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात ही सनद आणि पालखी दोन्ही येतात. भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढे स्वतः कधी पगडी घातली नाही, असंही तो सांगतो. डफला यात म्हाताऱ्या राजाचं वेड दिसतं.

आपल्या भागातली आठवण मात्र वेगळं सांगते. कोरेगाव तालुक्यात रहिमतपूरजवळ साप नावाचं गाव आहे. तिथले सरदार इंद्रोजी कदम श्रीमंतीच्या तोऱ्यासाठी प्रसिद्ध होते. घोड्यांना चांदीचे नाल ठोकायचे म्हणे. ते नटूनथटून भेटीला येणार हे कळल्यावर महाराज स्वतः साध्या कपड्यांत बसले आणि सगळे दागिने कुत्र्याच्या अंगावर चढवले. अर्थ सरळ होता, दागिन्याने मोठेपण येत असेल तर ते कुत्र्यालाही येतं. इंग्रजाला जे वेड वाटलं, ते इथल्या माणसाला टोमणा वाटला. कोणतं खरं? दोन्हींत थोडं थोडं असू शकतं. पण राजाने कुत्र्याचा मान केला, यावर दोघांचं एकमत आहे.

इथे रायगडच्या वाघ्याची आठवण होणं साहजिक आहे. वाघ्याची कथा समकालीन साधनांत सापडत नाही. रायगडावरचं स्मारक १९३६ च्या सुमाराचं, होळकरांच्या देणगीतून उभं राहिलेलं, आणि त्यावरून २०१२ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये वाद पेटला. तिथे प्रश्न कुत्र्याचा कमी आणि पुराव्याचा व अस्मितेचा जास्त आहे. माहुलीचा खंड्या त्या भांडणातून सुटला, कारण त्याच्याकडे फारसं कुणी बघतच नाही.

आपल्या परंपरेत कुत्रा

आता दादीच्या आक्षेपाकडे वळू. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, अशा अर्थाची हदीस आहे. विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज काही वजा होतं, अशीही आहे. पण याच हदिसींमध्ये सवलतही सांगितली आहे, ती शिकारीसाठी, जनावरांच्या राखणीसाठी आणि शेताच्या राखणीसाठी. म्हणजे माणूस आणि कुत्रा यांचं कामाचं नातं प्रेषितांच्या काळी मान्य होतं.

कुरआनात तर हे आणखी स्पष्ट आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेली शिकार, अल्लाहचं नाव घेतलं असेल तर, खाण्यास परवानगी आहे. यावर फिकहच्या विद्वानांनी बारीक चर्चा केली. कुत्रा ‘शिकलेला’ कधी मानायचा? सोडल्यावर धावतो का, बोलावल्यावर येतो का, शिकार स्वतः खातो की मालकासाठी राखतो? ही चर्चा कुत्र्याचा स्वभाव जवळून पाहिल्याशिवाय होऊच शकत नाही.

सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या श्रद्धावान तरुणांची गोष्ट आहे. त्यांचा कुत्रा गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. ते किती होते याबद्दल लोक अंदाज करतात, तेव्हा प्रत्येक आकड्यात कुत्राही मोजला जातो. परंपरेने त्याला कितमीर हे नाव दिलं. असहाबे कहफच्या नावांचे तावीज लिहिले जात, त्यांत कितमीरचं नावही असे. कुत्र्याचं नाव तावीजात लिहून तो दाराला लावणारा समाज कुत्र्याचा द्वेष करणारा होता, असं कसं म्हणणार?

तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस लहानपणी बहुतेकांनी ऐकलेली असते. त्या एका कृत्यावर त्याला माफी मिळाली. दुसऱ्या एका हदिसीत हेच एका बदनाम बाईबद्दल आहे.

मग अडतं कुठे? पाक-नापाकच्या प्रश्नावर. इथेही सगळ्या मुसलमानांचं एकच मत नाही. आपल्या सातारा-सांगलीत बहुसंख्य हनफी आहेत. हनफी मताने कुत्र्याची लाळ नापाक, पण कोरड्या अंगाचा स्पर्श झाला म्हणून कपडे नापाक होत नाहीत. घाट उतरून कोकणात गेलं की शाफई सुरू होतात. त्यांच्याकडे नियम कडक आहे. कुत्र्याचं सगळं अंगच नापाक, ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुणं, त्यातलं एकदा मातीने. उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत मालिकी मत चालतं, ते जिवंत कुत्र्याला पाकच मानतं. तिन्ही मतं सुन्नी आहेत. ‘इस्लाममध्ये कुत्रा हराम’ असं एका दमात सांगणाऱ्याने निदान कोणत्या इमामाचं मत सांगतोय, तेवढं तरी सांगावं.

अरबी साहित्यातही कुत्र्याचा मान मोठा आहे. नवव्या शतकातल्या अल-जाहिजने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात कुत्र्याचा कैवारी आणि कोंबड्याचा कैवारी यांचा लांबलचक वाद रंगवला. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या इब्न अल-मरझुबानने एक पुस्तकच लिहिलं. कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ कसे, हा त्याचा विषय. आपल्या इंद्रोजी कदमांची गोष्ट त्याला फार आवडली असती!

कारवानी : दख्खनचा शिकारी

हा इतिहास अरबस्तानात थांबत नाही. बेदुइनांचा सलुकी हा सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा तंबूत राहायचा. आपल्या दख्खनमध्ये कारवानी नावाचा कुत्रा आहे, तो त्याच चणीचा. काफिल्यांबरोबर म्हणजे कारवानांबरोबर आला म्हणून कारवानी, असं मानलं जातं. अंगावर रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. फारसी नावाचा हा कुत्रा पाळला मात्र धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी. पुढे मुधोळच्या घोरपडे घराण्याने त्याला राजाश्रय दिला, म्हणून जगभर तो मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. मुधोळ आज कर्नाटकात आहे, पण संस्थान मराठी घोरपड्यांचं आणि त्याआधी आदिलशाहीच्या चाकरीतलं. मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची पिल्लं इंग्लंडच्या राजाला भेट दिली, असं सांगतात. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता.

मोगलांकडेही कुत्र्यांचं कौतुक होतं. अकबराला कुत्री आवडत आणि काबूलकडून, विशेषतः हजारा मुलखातून चांगली कुत्री येत, ही नोंद आईन-ए-अकबरीत आहे. जहांगीरने तर इंग्रज वकील टॉमस रो याच्याकडे विलायती कुत्र्यांची मागणी केली होती. तेव्हा विलायती कुत्र्याचा शौक हा काही रीलच्या जमान्याचा नाही.

बीगल कुठून आला

कारवानी डोळ्याने शिकार करतो. लांबवर ससा दिसला की बाणासारखा सुटतो. बीगल नाकाने शिकार करतो. त्याला समजून घ्यायचं तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

बीगल इंग्लंडचा. काम सशाच्या मागावर जाण्याचं. घोड्यावर बसून कोल्ह्यामागे जाण्यासाठी मोठे फॉक्सहाउंड होते, पायी चालणाऱ्या शिकाऱ्यासाठी हे बुटके कुत्रे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी त्यांचे अगदी छोटे नमुने पाळले जात. आजचा बीगल आकाराला आला तो एकोणिसाव्या शतकात. १८३० च्या दशकात एसेक्समध्ये हनीवूड नावाच्या पाद्र्याने जमवलेल्या कळपापासून ही जात पक्की होत गेली. हिंदुस्थानात इंग्रज साहेब शिकारी कुत्र्यांचे कळप घेऊन आले. उटीला तर त्यांनी कोल्ह्यांमागे कुत्री सोडून विलायतेची हौस भागवली. आज शिकार बंद आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच राहायला हवी. पण शिकार बंद झाली म्हणून कुत्र्याच्या रक्तातलं काम संपत नाही.

ते काम काय होतं? कळपाने राहायचं. जमिनीला नाक लावून तासन् तास माग काढायचा. माग सापडला की लांब हेल काढून मागून येणाऱ्या शिकाऱ्याला कळवायचं. मालक दूर असतो, म्हणून हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचा.

आता घरातल्या तक्रारी ऐका. ‘ऐकतच नाही’, ‘एकटा ठेवला की रडतो’, ‘सोडला की पळतो’, ‘सारखा खायला मागतो’. या सगळ्या तक्रारींचं मूळ तीनशे वर्षांच्या निवडीत आहे. माणसानेच त्याला असा घडवला. मग त्यालाच हट्टी म्हणणं हा अन्याय आहे.

याच नाकाचा उपयोग अमेरिकेने १९८४ पासून विमानतळांवर करून घेतला. प्रवाशांच्या सामानात लपवलेली फळं आणि मांस बीगल हुंगून काढतात. तो लहान आणि प्रेमळ दिसतो, म्हणून लोक घाबरत नाहीत. पण याच गरीब स्वभावाची किंमतही त्याने मोजली. जगभरातल्या औषधांच्या प्रयोगशाळांत चाचण्यांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी कुत्र्याची जात बीगल आहे. आकार लहान, आणि दुखावलं तरी चावत नाही, हे त्याचं ‘कारण’. चांगल्या स्वभावाची अशी शिक्षा माणसांनाही मिळते, म्हणून ही गोष्ट मला सहज विसरता येत नाही.

मग सांभाळायचा कसा?

भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडलेलं नसावं. २०१७ च्या नियमांनुसार त्याआधी विकणं बेकायदा आहे. शक्य असेल तर आई पाहून, जागा पाहूनच पिल्लू घ्यावं. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपरच्या लशी सुरू होतात. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, आणि मग दरवर्षी. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी. आपल्याकडे शेणामातीत गोचीड भरपूर, आणि गोचीड तापाने धडधाकट कुत्रं आठवड्यात आडवं होतं. रोज कानामागे, बोटांच्या मधे हात फिरवून पाहावं. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, पावसाळ्यात तिथे घाण साचून वास येतो. आठवड्यातून एकदा कान पाहावेत.

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरांना खास सांगणं आहे. प्रेमापोटी ताटातलं सालन, बिर्याणी कुत्र्यापुढे ओतली जाते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी नासवतात, आणि आपलं एकही सालन त्यांच्याशिवाय होत नाही. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही त्याला विषासारखी, म्हणजे शीरखुर्म्याची वाटीही नको. बकरी ईदला हाडांचा ढीग असतो. शिजलेलं हाड फुटून त्याच्या धारदार काड्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. द्यायचंच तर बिनमसाल्याचं उकडलेलं गोश्त, भात, अंडं द्यावं. बीगलला पोट भरल्याचं कळत नाही, मागेल तितकं दिलं तर वर्षभरात तो पिंप होतो. मोठ्या बीगलचं वजन साधारण नऊ ते अकरा किलो असावं. दोन वेळा मोजून खाणं, बस.

फिरणं रोज तासभर तरी हवं. आपला भाग पर्जन्यछायेचा, एप्रिल-मे मध्ये डांबर तापतं. रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याचे पाय कसे सोसतील? फजरनंतर आणि मगरिबच्या सुमारास न्यावं. पट्टा कधीही सोडू नये. उसाच्या फडात सशाचा किंवा घोरपडीचा वास लागला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. उलट फिरताना त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. चार किलोमीटर ओढत नेण्यापेक्षा अर्धा तास हुंगणं त्याला जास्त दमवतं.

आवाजाचं काय? बीगल हेल काढतो आणि आपल्याकडे ‘कुत्रं रडतंय’ म्हणजे अपशकुन. त्यातून अजानच्या वेळी हेल काढला तर गल्लीत चर्चा सुरू होते, सैतान दिसतो म्हणून रडतो वगैरे. साधी गोष्ट अशी की लांब, एकसुरी आवाजाला कुत्री कळपाची हाक समजून उत्तर देतात. रुग्णवाहिकेच्या भोंग्यालाही देतात, शंखालाही देतात. त्याला धर्म नाही. पण दिवसभर एकटा बांधून ठेवलेला बीगल खरोखरच रडतो, आणि ते एकटेपणाने. घरात कुणी थांबणारं नसेल तर ही जात घेऊच नये.

आणि रेबीजला हलक्यात घेऊ नये. घरचा असो की रस्त्यावरचा, कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, दम-दुआ यांत वेळ घालवू नये. दुआ जरूर करावी, पण लस घेतल्यावर.

घर आणि अंगण

आपाच्या घरी तोडगा निघाला तो असा. नमाजची खोली आणि स्वयंपाकघर कुत्र्यासाठी बंद. त्याची भांडी वेगळी, झोपायची जागा मागच्या पडवीत. नमाजचे कपडे वेगळे. दादींना त्याला हात लावायची सक्ती नाही आणि त्याला हाकलायची परवानगी नाही. हनफी फिकहच्या चौकटीत हे सगळं बसतं. दादीचा आदर राहिला आणि जनावराचे हालही झाले नाहीत. सगळ्यांना हेच जमेल असं नाही. कोणाच्या घरी दोन खोल्याच असतील, कोणी शाफई असतील, कोणाला दम्याचा त्रास असेल. त्यांनी न पाळणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.

मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. हौसेने आणलेलं पिल्लू सहा महिन्यांनी मोठं होतं, चपला फाडतं, गल्ली डोक्यावर घेतं. मग कोणीतरी ‘आपल्यात चालत नाही’ हे वाक्य काढतं आणि रात्री गाडीत घालून त्याला हायवेला सोडलं जातं. घेताना मजहब आठवत नाही, टाकताना मात्र नेमका आठवतो. हे पाप मजहबच्या माथी मारू नये. आणि असं टाकणं फक्त आपल्यातच होतं असंही नाही. ते सगळीकडे होतं, फक्त प्रत्येकाचं निमित्त वेगळं असतं. पाळलेला कुत्रा रस्त्यावर जगत नाही. त्याला गाड्या कळत नाहीत, रस्त्यावरची कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही पाळीव जनावर असं सोडून देणं गुन्हा आहे.

इतिहासाने मला एवढंच शिकवलं की कुत्र्याबद्दल आपल्या पूर्वजांची मतं वेगवेगळी होती, पण जबाबदारीबद्दल नव्हती. कोणी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, कोणी तंबूत घेतलं, शाहू महाराजांनी पालखीत बसवलं. ज्याच्याकडून काम घेतलं, प्रेम घेतलं, त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं, हे मात्र सगळ्यांनी मानलं. बीगल बारा ते पंधरा वर्षं जगतो. तेवढी वर्षं द्यायची तयारी असेल तर बिस्मिल्लाह करावं. नसेल तर उन्हाळ्यात दारात पाण्याचं एक भांडं ठेवावं. रस्त्यावरचं कुत्रं येऊन पिऊन जाईल, आणि विहिरीत उतरलेल्या त्या माणसाची आठवणही राहील.